आबांच्या टकलावर काढलेला मेंदू

लोणावळ्यात तुंगार्लीच्या चढावर धुकं किती दाट उतरतं हे सांगितलं तर खोटं वाटेल. एका चौकीदाराने म्हणे त्या धुक्यातच खुंटी ठोकून छत्री अडकवली, आणि ती छत्री दिवाळी होईपर्यंत तशीच हवेत लटकत होती. छत्रीवर विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण त्याच चढावरच्या ‘मेघसावली’ बंगल्यात जवळजवळ दोन वर्षांची एक मुलगी राहत होती आणि तिच्या रडण्याचा आवाज फाटकाबाहेर आजवर कोणी ऐकला नव्हता, यावर मात्र ठेवा.

मुलीचं नाव प्रेरणा. बाप प्रदीप मांडेकर, आई सविता. दोघं मूळची औंढ्याची. तीन वर्षांपासून बंगल्याची देखभाल करत होती. मालकीणबाई पुण्याला असत आणि शनिवार-रविवार बंगला पाहुण्यांना भाड्याने देत. मागच्या अंगाला दोन खोल्या, एक मोरी आणि दारात पेरूचं झाड, एवढा मांडेकरांचा संसार.

नोकरी लागली त्याच आठवड्यात मालकीणबाईंनी प्रदीपला फोनवर सांगितलं होतं, “प्रदीप, पाहुणे इथे विश्रांतीला येतात. आवाज नको हं.”

झालं! प्रदीप म्हणजे असा माणूस, की त्याला कोणी ‘जरा सरक’ म्हटलं तर तो थेट औंढ्यापर्यंत सरकेल. त्याने त्या दिवशी सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. खुर्च्यांच्या पायांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधले. कुकर माळ्यावर टाकला. शिट्टी नको म्हणून भात उघड्या पातेल्यात शिजू लागला. कोंबडा होता तो परंदवडीच्या मेव्हण्याला देऊन टाकला. बंगल्याचं मांजरसुद्धा म्याव करायचं झालं तर फाटकाबाहेर जाऊन करून येऊ लागलं. नवराबायकोने आपसातलं बोलणं भुवयांवर आणलं. एक भुवई उडाली की चहा, दोन उडाल्या की दूध संपलं, आणि नुसतंच कपाळ आखडलं तर पाहुण्यांनी गीझर चालू ठेवलाय.

अशा घरात प्रेरणा जन्माला आली. ती रडली की प्रदीपचं बोट ओठांवर जायचं, ‘शूऽ’. सहा महिन्यांची झाली तेव्हा मोबाइल आला. त्यावर कार्टून लावून समोर ठेवायचं, आवाज अर्थातच बंद. पोर गप्प. पाहुणे खूश. “किती शांत बेबी आहे!” म्हणायचे. मालकीणबाईंच्या इंटरनेटवरच्या पानावर पाहुणे पाच-पाच तारे देऊन जायचे, आणि प्रदीप सविताला भुवयांनी सांगायचा, बघ, आपली लेक किती गुणाची!

वाचकहो, आपल्यापैकी किती जणांनी असं गुणी मूल पाहून शाबासकी दिली असेल! गप्प बसतं ते चांगलं मूल, हे आपल्या अंगवळणीच पडलंय.

डिसेंबरात पोलिओचे थेंब पाजायची मोहीम निघाली. रविवारी जी मुलं केंद्रावर आली नाहीत त्यांच्या घरी सोमवारी अंगणवाडीच्या कमरजहाँ मावशी फिरत होत्या. वय सत्तावन्न, खांद्याला निळा डबा, पायात बूट आणि तोंडात अखंड बोलणं. त्यांनी फाटकाची कडी वाजवली, तसा प्रदीप धावत आला.

“मावशी, हळू बोला, हळू.”

“का रं बाबा? आत कुनी गेलंय का?”

“न्हाई. पाहुने झोपल्यात. सोमवारपर्यंतचं बुकिंग हाय.”

“अकरा वाजता झोपल्यात? मंग त्यास्नीच दोन थेंब देऊ का?” मावशी हसत आत आल्या आणि प्रेरणाची हनुवटी धरून थेंब सोडले. अनोळखी बाईला पाहून पोरीचा चेहरा आक्रसला. ओठ वाकडे झाले, डोळ्यांतून धार लागली, छाती वर-खाली होऊ लागली. पण आवाज? आवाज नव्हता!

मावशींचं बोलणं थांबलं. तीस वर्षांत त्यांनी हजारो मुलांना रडवलं होतं, पण असं रडणं त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी पदराच्या किल्ल्या काढून पोरीच्या पाठीमागे खुळखुळवल्या. प्रेरणाने झटकन मान वळवली.

“ऐकू तर येतंय,” त्या पुटपुटल्या. “सविता, किती शब्द बोलती ही?”

सविताची एक भुवई वर गेली. मग तिला आठवलं, समोर मावशी आहेत. ती कुजबुजली, “अजून न्हाई बोलत. पन समजतं तिला सगळं.”

“आनि तुमी किती बोलता तिच्याशी?”

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. प्रदीप म्हणाला, “एवढ्याशा लेकराला काय कळतंय, मावशी? मोठी झाली की बोलूच की.”

तेवढ्यात प्रेरणा मोबाइलकडे वळली होती. पडद्यावर एक मांजर तोंड हलवत होतं, आवाजाशिवाय. आणि समोर बसून प्रेरणाही तोंड हलवत होती, तस्संच, आवाजाशिवाय. ओठ गोल होत होते, पसरत होते, मिटत होते. पोरगी बोलत होती! तिला बोलणं म्हणजे एवढंच वाटत होतं.

मावशींनी डबा खाली ठेवला आणि डोळे पुसले. मग एकदम कडक आवाजात म्हणाल्या, “परवा सरकारी दवाखान्यात कानाची तपासनी असती. हिला घेऊन यायचं. मी दारात उभी ऱ्हानार.”

तपासणी झाली. मावशींनी वाटेतच सांगून ठेवलं होतं, “उशिरा बोलनाऱ्या सगळ्या लेकरांचं कारन एकच नसतंय. कुनाच्या कानात असतं, कुनाचं आनिक काही. म्हनून आधी बघून घ्यायचं, मंग बोलायचं.” डॉक्टरांनी कान पाहिले, घसा पाहिला, खेळणी देऊन बराच वेळ पोरीला न्याहाळलं. मग म्हणाले, “सगळं ठीक दिसतंय. हिच्याशी बोला. दिवसभर बोला. मोबाइल बंद करा. तीन महिन्यांनी दाखवायला आणा.”

प्रदीप दवाखान्याच्या पायऱ्यांवर चिठ्ठी उलटीसुलटी करत उभा राहिला. “मावशी, औषध काय न्हाई? बाटली न्हाई, गोळी न्हाई. नुसतं बोला म्हने! ह्येला काय डॉक्टर म्हनायचं?”

शनिवारी सकाळी प्रदीपचे वडील महिपती आबा नव्या तांदळाची गोणी घेऊन टेम्पोने आले. आबा म्हणजे सहा फूट उंच गडी. डोक्यावर टोपी, आणि टोपीखाली असं टक्कल की उन्हात टोपी काढली तर विसापूरच्या किल्ल्यावरून कोणीतरी आरसा दाखवतंय असं खालच्या गावाला वाटावं. त्यांना दवाखान्याची हकीकत कळली आणि ते पेरूखालच्या बाजेवर बसूनच हसायला लागले.

“लेकराशी बोला म्हने! त्याच्या त्या लिंबाएवढ्या डोस्क्यात काय असतंय? आमी आठ भावंडं. आमच्याशी कोन बोललं? बैलांशी बोलायचं आमचं म्हातारं.”

“म्हनून तुमी बैलावानी बोलता व्हय, आबा?” फाटकातून आवाज आला. कमरजहाँ मावशी! पोरीची खबर घ्यायला आल्या होत्या.

“या बाई, या,” आबा म्हणाले. “तुमीच ह्यास्नी खुळ्याचा बाजार दाखवला. आता मला सांगा, असतंय काय लेकराच्या डोस्क्यात?”

अंगणात आदल्या आठवड्यातल्या पाहुण्यांची शेगडी पडली होती. मावशींनी तिच्यातला एक कोळसा उचलला. “टोपी काढा, आबा.”

“का?”

“शाळा भरवायची हाय.”

“माज्या डोस्क्यावर?”

“एवढा गुळगुळीत फळा सगळ्या मावळात न्हाई.”

आबांनी टोपी काढली, आणि भर सकाळी पेरूच्या झाडाखाली शाळा भरली. प्रदीप, सविता उभे. सविताच्या कडेवर प्रेरणा, डोळे विस्फारून. मावशींनी आबांच्या कपाळापासून मानेपर्यंत मधोमध रेघ ओढली.

“हा डावा अर्धा, हा उजवा अर्धा. ह्यो सगळा मोठा मेंदू. लुगड्याच्या निऱ्या घालाव्यात तशा घड्याच घड्या ह्यात. उलगडून पसरला तर उशीच्या अभ्र्याएवढा भरंल. कवटीत मावावा म्हनून दुमडलाय. आता हितं, कपाळामागं,” त्यांनी एक गोल काढला, “विचार करायचा आनि रागाला लगाम घालायचा. ह्यो भाग सगळ्यात उशिरा पिकतो. पंचविशी उजाडती.”

“आँ? आनि माजं लगीन लावलं एकविसाव्या वर्सी!” आबा म्हणाले. “मंजी कच्च्या डोस्क्यावरच बोहल्यावर चढवला की मला!”

“आता तक्रार करून उपेग न्हाई. हलू नका. हितं मागं, बघायचा भाग.”

“डोळं फुडं आनि बघायचं माघारी? कुनी केला ह्यो उलटा कारभार?”

“ज्यानं केला त्याला विचारा. मला ट्रेनिंगमधी एवढंच सांगितलं. हितं कानाच्या वर, ऐकायचं. आनि ह्या डाव्या बाजूला, बहुतेक मान्सांचं, बोलायचं. ह्या खाली मानेच्या वर लहान मेंदू. तोल सांभाळायचं काम ह्याचं. मानूस चढवून आला की पहिल्यांदा ह्योच लुडकतो.”

“वळखीचा हाय त्यो,” आबा हळूच म्हणाले.

“आनि हितं, मानेत उतरनारा दांडा. श्वास, काळजाचे ठोके, गिळनं. लेकरू जल्मलं त्या घडीला ह्याचं काम चालू असतंय. ह्याला कुनी शिकवत न्हाई. बाकीचं सगळं, आबा, घडवावं लागतं.”

आबांचं हसू थोडं कमी झालं. “मंजी लेकराचं बाकी डोस्कं रिकामंच?”

“रिकामं न्हाई. मेंदूच्या पेशी जवळपास सगळ्या ते घेऊनच येतं. पन एकीपासून दुसरीकडं जायच्या वाटा अजून पडलेल्या नसत्यात. तुमी लोहगडाकडं ढोरं नेता नव्हं? पावसाळ्यात रान माजलं की वाट दिसती का?”

“रोज ढोरं गेली तर दिसती. न्हाईतर आठ दिसांत गवत गिळतं.”

“तस्सं! लेकराच्या डोस्क्यात पहिल्या वर्सांत एवढ्या वाटा फुटत्यात, सेकंदाला लाखांनी, की मोजनारा थकंल. मंग जी वाट रोज तुडवली जाती ती रुंद व्हती. जिच्यावरनं कुनीच जात न्हाई ती मेंदू सोताच मोडून टाकतो. ही बोलन्याची वाट कशानं तुडवायची? आपल्या मानसाच्या आवाजानं! पोरगी बघनार, तोंड उघडनार, आपुन उत्तर देनार, परत ती काहीतरी करनार. असं जाऊन येऊन, जाऊन येऊन वाट पडती. मोबाइलमधलं मांजर हिला उत्तर देतंय का?”

मावशींनी कोळसा खाली ठेवला. “पिकाची आनेवारी काढता तशी काढा. जल्मताना मेंदू सोळा आन्यांतला चार आने. वरीस सरलं की अर्ध्याच्या वर. दोन-तीन वर्सांत बारा आन्याच्या फुडं. शाळेत नाव घालता तवा चौदा आन्याच्या वर गेलेला असतोय. आनि आपुन म्हनतो, मोठी झाली की बोलू! आबा, भाताची रोपं किती दिसांनी लावनीला काढता?”

“वीस-पंचवीस दिसांनी.”

“आनि दोन म्हैने तशीच ठेवली तर?”

“जगत्यात. पन फुटवा धरत न्हाई, पीक कमी उतरतं...” आबा बोलता बोलता थांबले. त्यांनी वर पाहिलं. प्रेरणा त्यांच्या काळ्या रेघांनी भरलेल्या टकलाकडे एकटक बघत होती आणि तिचे ओठ हलत होते, नुसतेच.

सहा फुटी माणूस बाजेवर एकदम लहान दिसायला लागला.

मग एक आवाज आला. कुजबूज नव्हे, आवाज. सविताचा. तीन वर्षांत त्या अंगणात तो पहिल्यांदाच मोकळा निघाला होता, म्हणून थोडा फाटला.

“मावशी, मंग आमची रोपं गेली का वो?”

“न्हाई गं बाई!” मावशींनी तिला जवळ घेतलं. “मेंदू भातापरीस लय दयाळू हाय. मोठेपनीबी वाटा पडत्यात, फकस्त घाम जास्त गाळावा लागतो. आनि ही तर अजून दोन वर्सांचीबी न्हाई. आजपासनं बोल. जे करती ते सांगत जा. आनि सांगून झालं की थांब, तिच्या तोंडाकडं बघ. तिची पाळी तिला दे.”

प्रदीप खाली मान घालून म्हणाला, “तुमचं पटतंय, मावशी. पन आज दुपारी बाराजन पाहुने येनार. आवाज झाला, कुनी मालकिणीला सांगितलं, तर? नोकरी गेली तर पोरीला काय शब्द खाऊ घालू?”

“भात घालतोसच की,” मावशी म्हणाल्या. “थोडे शब्दबी घाल.”

पण भीती अशी एका वाक्याने जात नाही. पाहुणे आले आणि प्रदीपचं बोट पुन्हा ओठांवर गेलं. सविता मोरीत भांडी घासताना हळूहळू काही सांगू लागली, तर त्याने खिडकीतून आधी डावी, मग उजवी भुवई उडवली. सोमवारी बोलू, असा त्याचा अर्थ. आबा टोपी घालून बाजेवर गप्प बसून होते. त्यांनी डोकं धुतलं नव्हतं.

रविवारी सकाळी व्हरांड्यात पाहुण्यांचा चहा चालला होता. नाशिकचं कुटुंब होतं. आजोबा, मुलं, सुना, आणि समीक्षा नावाची पाच वर्षांची चुणचुणीत नात. प्रदीप ट्रे घेऊन उभा होता. तेवढ्यात प्रेरणा मागच्या अंगणातून दुडुदुडु चालत आली आणि पायरीपाशी उभी राहिली. समीक्षा तिच्याजवळ जाऊन बसली. “तुझं नाव काय?”

प्रेरणाचे ओठ हलले. गोल झाले, पसरले, मिटले.

“मोठ्याने सांग ना.”

पुन्हा ओठ हलले. समीक्षाने तिच्या तोंडाजवळ कान नेला. काहीच नाही. तिने मान वर करून प्रदीपला विचारलं, “काका, हिला म्यूटवर कोणी ठेवलंय?”

पोरीने सहज विचारलं होतं. व्हरांड्यात कोणी हसलंही असतं. पण ट्यूब बांधलेल्या खुर्च्या, तेल घातलेली दारं, माळ्यावरचा कुकर, सगळं प्रदीपच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. कोणी ठेवलं? त्याने ठेवलं! त्याच्या या बोटाने ठेवलं!

त्याने ट्रे टेबलावर ठेवला, चांगला दण्णकन, आणि पायरीवर लेकीसमोर बसला. बोलायचं ठरवलं, पण बोलायचं काय? सवय कुठे होती! त्याने हाताला येईल ते उचललं.

“ही... ही किटली,” तो मोठ्याने म्हणाला. “किटली! हिच्यात चहा हाय. गरम. हाऽ गरम! आनि ह्यो कप. ह्या कपाचा कान तुटलाय. ह्यो मी तोडलाय. मालकिणीला अजून सांगितलं न्हाई!”

बारा पाहुणे कप हातात धरून थिजले होते. प्रदीपला आता थांबता येईना. “ह्यो पाव. ह्यो साखरेचा डबा, ह्यात मुंग्या झालत्या, मी काढल्या. ह्ये आजोबा, ह्यांचं घोरनं काल रात्री फाटकापर्यंत ऐकू येत हुतं! आनि मी तुजा बाप. बाप! तुज्याशी मी बोललो न्हाई गं. चुकलो. लय चुकलो!”

त्याला हुंदका आला. प्रेरणा बापाच्या तोंडाकडे बघत होती. या तोंडातून आवाज निघतो हे तिला कळलं होतं, आणि ते तिला इतकं नवलाचं वाटलं की तिने हात पुढे करून त्याच्या गळ्यावर ठेवला. गळा थरथरत होता. तिने तो हात आपल्या गळ्याला लावून पाहिला.

नाशिकचे आजोबा हळूच म्हणाले, “बोला, बोला. थांबू नका. आम्ही घोरतो तेवढा आवाज तर नाहीच तुमचा.”

दुपारी प्रदीपने स्वतः मालकीणबाईंना फोन लावला. फाटकाशी उभं राहून सगळं सांगितलं, कपाचंही. आता नोकरी गेली, असं धरूनच तो बंगल्याच्या किल्ल्यांचा जुडगा चाचपडत होता.

“प्रदीप,” मालकीणबाई म्हणाल्या, “तू पहिल्या आठवड्यात पहाटे सहाला चटणीसाठी मिक्सर लावला होतास. मी मिक्सरबद्दल बोलले होते रे!”

“व्हय, बाई.”

“आणि तू पोरीला गप्प केलंस?”

“व्हय, बाई.”

“मीही तीन वर्षांत कधी विचारलं नाही. पाच तारे बघायचे आणि फोन ठेवायचा. तिला हवं तेवढं ओरडू दे. ज्यांना चालत नाही त्यांना मी दुसरा बंगला दाखवीन.”

त्या दिवसापासून मेघसावलीत जे बोलणं सुरू झालं त्याला तोड नाही. दोन कुलूपबंद बंगले सोडून पलीकडचा चौकीदार सांगतो, की त्याला आता घरबसल्या समजतं, मांडेकरांकडे आज कांदा लाल आहे का पांढरा. आबा चार दिवसांसाठी आले ते महिनाभर राहिले. प्रेरणाला खांद्यावर घेऊन ते चढावरून हिंडत आणि प्रत्येक झाडाची, दगडाची, कुत्र्याची ओळख करून देत. ओळख देताना थोडी भरही घालत; एका धोंड्याला तर त्यांनी आपला सख्खा मावसभाऊ करून टाकलं. मोबाइल कपाटात गेला. पहिले चार दिवस प्रेरणाने त्याच्यासाठी लोळण घेतली, आणि पाचव्या दिवशी रडताना तिच्या गळ्यातून एक बारीक किंकाळी निघाली. मुलीच्या रडण्याने आनंदून नवराबायकोने पेढे वाटल्याचं उदाहरण लोणावळ्यात तरी दुसरं नसावं.

पण शब्द येत नव्हता. जानेवारी सरला, फेब्रुवारी सरला. किंचाळणं होतं, हुंकार होता, हसणंही आलं, शब्द नाही. प्रदीप कधीकधी खचायचा. कमरजहाँ मावशी दर आठवड्याला यायच्या आणि म्हणायच्या, “वाट आतनं पडतीया. आपल्याला दिसत न्हाई एवढंच. तुडवत ऱ्हा.”

मार्चमधली एक सकाळ. सविता चुलीपुढे भाकऱ्या करत होती आणि रोजच्यासारखी बोलत होती. “हे पीठ. हे घेतलं पानी. मळलं, मळलं. आता थापायची. गोल गोल गोल. झाली भाकरी. आता ही कुटं जानार?” इथे ती रोज थांबायची, मागे वळून लेकीच्या तोंडाकडे बघायची, मनातल्या मनात दहा अंक मोजायची, आणि मग स्वतःच सांगायची. त्या दिवशीही ती वळली. एक, दोन, तीन...

“तवा.”

सविता हलली नाही. हातातली भाकरी हातातच लोंबली.

“तवा!” प्रेरणा पुन्हा म्हणाली, जरा चिडून. एवढं सांगून आईला कळत कसं नाही, असा तिचा चेहरा होता.

सविताने भाकरी तव्यावर टाकली, लेकीला उचललं आणि ती अंगणात धावली. “अहो! ऐकलंत का! तवा म्हनाली! तवा!” चुलीवर भाकरी करपून कोळसा झाली. ती तिघांनी मिळून खाल्ली.

एप्रिलमध्ये डॉक्टरांनी मोजले तेव्हा तेवीस शब्द झाले होते. बरोबरीच्या मुलांपेक्षा ती अजून मागे आहे. पुढची दोन-तीन वर्षं मेहनत आहे, हे डॉक्टरांनी लपवलं नाही. मध्यंतरी कोणा पाहुण्याने बंगल्याचा एक तारा कापला. खाली लिहिलं, ‘केअरटेकर आणि त्याचं कुटुंब फार बोलतं.’ मालकीणबाईंनी ते वाचून प्रदीपला पाठवलं आणि खाली एक हसरा चेहरा काढला.

तर वाचकहो, ही चूक एका प्रदीपची नाही. आपल्या घरात लहान मूल गप्प बसलं की आपण सुटकेचा श्वास सोडतो, त्याच्या हातात चमकणारा पडदा देतो आणि म्हणतो, त्याला काय कळतंय! त्याला सगळं कळण्याची तयारी नेमकी त्याच दिवसांत चाललेली असते, आणि ती तयारी आपल्या आवाजावर चालते. त्याला पैसा लागत नाही, शिक्षण लागत नाही, मोठं घर लागत नाही. तांदूळ निवडताना बोला, गाडी पुसताना बोला, दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा बोला. काय बोलावं सुचलं नाही तर समोरच्या किटलीचं नाव सांगा.

आणि सांगून झालं की जरा थांबा. ते एवढंसं तोंड हलतंय, तिकडे बघा. आता त्याची पाळी आहे.